मागच्या रांगेतील मुले

जयंतीच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली की आपल्या प्रत्येक वस्तीत एक गोष्ट हमखास घडते. भाषणाला कोण? ती चार-पाच मुले. गाण्याला कोण? तीच. नाच, सूत्रसंचालन, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणे, सगळीकडे तीच. ही मुले हुशार आहेत, धीट आहेत, त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्याच वेळी मांडवाच्या टोकाला, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेमागे पंधरा-वीस मुले उभी असतात. ती टाळ्या वाजवतात, कार्यक्रम संपला की खुर्च्या उचलतात आणि घरी जातात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

यावेळचे आरोग्य पान आम्ही या मागच्या रांगेतील मुलांसाठी राखून ठेवले आहे. वाचक विचारतील, आरोग्याच्या पानावर नाटक-गाण्याचे काय काम? ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब यांवर आम्ही लिहितोच, पुढेही लिहू. पण घरोघरी फिरताना आया आम्हाला अलीकडे वेगळेच सांगतात. "पोरगं घरात बोलतच नाही हो." "नववीत नापास झाल्यापासून मान वर करत नाही." "शाळेतून आली की कोपऱ्यात बसते, काय झालं विचारलं तर काही नाही म्हणते." या तक्रारींवर दवाखान्यात गोळी मिळत नाही. आणि घरचे म्हणतात, वय आहे, होईल नीट.

प्रत्येक गप्प मूल आजारी नसते, हे खरे. काही मुले स्वभावानेच कमी बोलतात. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वर्षे वयाच्या दर ७ मुलांमागे एकाला मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असतो, आणि मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे ज्या वयाला आपण 'लहान आहे अजून' म्हणून सोडून देतो, तेच वय लक्ष देण्याचे असते.

त्यात वस्तीतील मुलाच्या वाट्याला आणखी काही येते. दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला कोपरा मिळत नाही. शाळेत पत्ता सांगताना आवाज खाली जातो. आडनाव विचारले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघावे लागते. घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची भाषा वेगळी, म्हणून उत्तर येत असूनही हात वर होत नाही. एकदा वर्गात हसे झाले की ते मूल पुढची तीन-चार वर्षे 'हजर' या शब्दापलीकडे काही बोलत नाही. मग निकालाच्या दिवशी आपण म्हणतो, याला अभ्यासात गती नाही.

आत्मविश्वास येतो कुठून?

आपल्याला वाटते, कौतुक केले की आत्मविश्वास येतो. म्हणून आपण म्हणतो, "तू करू शकतोस, घाबरू नकोस." अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली याचा नीट विचार मांडला. त्यांच्या म्हणण्यानुसार 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो. पहिली आणि सर्वांत भक्कम वाट म्हणजे स्वतः काहीतरी करून ते जमल्याचा अनुभव. दुसरी, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते जमताना पाहणे. तिसरी, दुसऱ्याने दिलेला धीर. चौथी, आपल्या शरीराची अवस्था, म्हणजे छाती धडधडते का, हात थरथरतात का, आणि त्याचा आपण काय अर्थ लावतो.

आता आपण काय करतो ते पाहा. नुसत्या तिसऱ्या वाटेने जातो. धीर देतो, भाषण देतो, मोठ्या माणसांची उदाहरणे देतो. पण मुलाच्या हातून काहीतरी घडावे आणि ते घडले हे त्याने स्वतः पाहावे, अशी संधी देत नाही. उलट स्पर्धा ठेवतो. स्पर्धेत एक पहिला येतो आणि बाकीच्या वीस जणांना पुन्हा एकदा कळते की आपल्याला जमत नाही.

मिळून केलेली कला इथे उपयोगी पडते. नाटक, कोरस, भिंतीवरचे चित्र, हस्तलिखित, ढोलाचे पथक, काहीही घ्या. या कामात एकट्याने पहिला येता येत नाही. डबा वाजवणारा चुकला तर नाचणारा अडखळतो. पडदा ओढणारा वेळेवर नसेल तर नाटक सुरूच होत नाही. म्हणजे प्रत्येक मूल बाकीच्यांना हवे असते. मागच्या रांगेतील मुलाला बहुतेक वेळा हेच कधी मिळालेले नसते. त्याचे कौतुक कधीमधी झालेले असते. त्याची गरज मात्र कोणाला पडलेली नसते.

आमची पहिली फसगत

हे सगळे आम्ही आधीपासून जाणत होतो असे नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या वस्तीतील विहाराच्या सभागृहात आम्ही मुलांचे एक पथनाट्य बसवायला घेतले. विषय आम्हीच ठरवला, व्यसनमुक्ती. संहिता आमच्यातल्याच एकाने लिहिली. चांगली दहा पाने, अलंकारिक भाषेत. मुलांना कागद वाटले आणि पाठ करून या म्हटले.

पहिल्या दिवशी १९ मुले होती. आठव्या दिवशी ११ उरली. जी उरली ती पोपटासारखी बोलत होती. आम्ही ओरडत होतो, "आवाज काढा, आवाज काढा." एक मुलगा रोज कागद घरी विसरून येत होता. आम्ही त्याला निष्काळजी ठरवले आणि दोनदा सर्वांसमोर बोललो. तिसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. नंतर त्याच्या मित्राकडून कळले की त्याला वाचता येत नव्हते. नववीत शाळा सोडलेला, सोळा वर्षांचा मुलगा, गॅरेजमध्ये कामाला जाणारा. त्याने हे सर्वांपासून लपवले होते आणि आम्ही त्याची अब्रू चव्हाट्यावर आणायला निघालो होतो.

त्या रात्री आम्ही बसून विचार केला. चूक मुलांची नव्हती. शाळेत जे होते तेच आम्ही विहारात करत होतो. बोलणारे आम्ही, पाठ करणारी ती.

ठाण्याच्या वस्त्यांत काय झाले

त्याच दिवसांत आमच्यातील एका कार्यकर्तीने ठाण्याच्या कामाची आठवण करून दिली. नाटककार रत्नाकर मतकरी यांचे नाव बालनाट्यामुळे घरोघरी माहीत आहे. 'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस' त्यांचेच. दलितांवरील अत्याचाराचा विषय थेट रंगमंचावर आणणारे 'लोककथा ७८' हेही त्यांचेच. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ठाण्यातील लोकवस्त्यांमधील मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' ही कल्पना राबवली आणि त्यातून 'नाट्यजल्लोष' उभा राहिला. २०२० च्या मे महिन्यात मतकरी गेले.

जवळपास साठ वर्षांचा नाटकाचा अनुभव असलेला हा माणूस वस्तीत गेला तेव्हा त्याने मुलांना आपली नाटके पाठ करायला दिली नाहीत. विषय मुलांनी शोधायचा, नाटिका मुलांनीच रचायची, मुलांनीच बसवायची आणि करायची, हे त्या कामाचे सूत्र होते. जाणकार रंगकर्मी सोबत असत, पण वाट दाखवण्यापुरते. महागडे नेपथ्य नाही, झगमगाट नाही. मुले आपल्याच गल्लीतील प्रश्नांवर, आपल्याच भाषेत बोलत.

एवढ्या मोठ्या नाटककाराला आपली लेखणी बाजूला ठेवता आली. आम्ही तर साधे हौशी लोक. आम्ही दहा पाने फाडली.

दुसऱ्यांदा, कागदाशिवाय

दुसऱ्या वेळी आम्ही त्या गॅरेजमधील मुलाच्या घरी गेलो, त्याची माफी मागितली आणि सांगितले, यावेळी कोणालाच कागद नाही. तो आला. एकूण १४ मुले जमली.

पहिले दोन दिवस कोणी काही बोलायचेच नाही असे ठरवले. फक्त वस्तीतील आवाज काढायचे. नळाला पाणी आल्यावर हंड्यांचा आवाज, पहाटेची कोंबडी, रिक्षा सुरू होतानाचा आवाज, भांडण. पत्र्याचे डबे, ताटे, पाण्याचे जार यांवर ताल धरायचा. हसून हसून मुलांची पोटे दुखली. ज्याला बोलायची भीती वाटते त्याला डबा वाजवायची भीती वाटत नाही, हे आम्ही तिथे शिकलो.

तिसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "आपल्या वस्तीत तुम्हाला कशाचा त्रास होतो?" कचरा, पाणी, मारामाऱ्या, अशी उत्तरे आली. सहावीपासून कधी कोणाशी न बोललेली एक मुलगी पत्र्याच्या डब्यावर बोटे आपटत बसली होती. ती डब्याकडेच बघत म्हणाली, "मी चारनंतर पाणी पीत नाही."

क्षणभर कोणाला कळेना. मग दुसरी मुलगी म्हणाली, "मी पण." तिसरी म्हणाली, "मी तर शाळेत पण नाही पीत." वस्तीच्या सार्वजनिक संडासात दिवा नव्हता. दोन दारांना कडी नव्हती. रात्री जावे लागू नये म्हणून मुली दुपारपासून पाणी पिणे बंद करत होत्या. आम्ही वर्षानुवर्षे या पानावर भरपूर पाणी प्या असे लिहीत आलो आहोत. पाणी कमी पिणे आणि लघवी तासन्‌तास रोखून धरणे यामुळे लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते, हेही लिहिले आहे. पण आमच्याच गल्लीतील मुली पाणी का पीत नाहीत, हे आम्हाला माहीत नव्हते. आम्ही कधी विचारले नव्हते.

नाटकाचा विषय ठरला.

नाटक बसवताना आम्ही ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांची पद्धत वापरली. १९७० च्या दशकात त्यांनी 'पीडितांची रंगभूमी' उभी केली. पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेली 'जन संस्कृती' ही संस्था खेड्यापाड्यांत या प्रकारची नाटके करते. पद्धत सोपी आहे. एक छोटा प्रसंग करायचा, जो वाईट वळणावर संपतो. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा. यावेळी प्रेक्षकांतून कोणीही 'थांबा' म्हणून पुढे येऊ शकतो, पात्राची जागा घेऊ शकतो आणि आपल्याला सुचलेला मार्ग करून दाखवू शकतो. नुसता सल्ला चालत नाही, करून दाखवावे लागते.

प्रयोग गल्लीत झाला. नाटकातील मुलगी भावाला सोबत चल म्हणते, भाऊ मोबाइलमधून मान वर काढत नाही, ती अंधारात जाते, घाबरून परत येते आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी सोडते. प्रसंग पुन्हा सुरू झाला तेव्हा पहिली 'थांबा' म्हणाली ती पासष्टीच्या पुढची एक आजी. आजींनी मुलीची जागा घेतली आणि भावाचा मोबाइलच काढून घेतला. लोक हसले. मग एक बाप उठला. तो म्हणाला, सोबत जाणे हा उपाय नाही, दिवा लावणे हा उपाय आहे. त्याने मुलीचे काम करून दाखवले, म्हणजे चाळीस वर्षांचा माणूस चौदा वर्षांची मुलगी झाला आणि वस्तीच्या लोकांकडे दिवा मागू लागला. त्या वेळी कोणी हसले नाही.

पुढच्या रविवारी मंडळाच्या मुलांनी वर्गणी काढून दोन दिवे लावले. एका दाराला कडी बसली. दुसऱ्या दाराची कडी अजून बसायची आहे. ज्या मुलीच्या वाक्यापासून हे सुरू झाले तिने प्रयोगात एकही वाक्य म्हटले नाही. ते वाक्य तिच्याच संमतीने दुसऱ्या मुलीने म्हटले. ती डबाच वाजवत राहिली, पण संपूर्ण नाटकाचा ताल तिच्या हातात होता, आणि ती थांबली की बाकीचे थांबत. जुलैत तिची आई सांगत होती, शाळेत हजेरीच्या वेळी बाईंनी दुसऱ्यांदा नाव घ्यावे लागत नाही आता. एवढेच. आम्हाला ते पुरेसे वाटले.

अभ्यासाला याचा उपयोग होतो का?

पालकांचा हा रास्त प्रश्न असतो. नाचगाण्याने मार्क वाढतात का?

इथे आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. संगीत शिकले की गणित सुधारते, चित्र काढले की बुद्धी वाढते, अशा जाहिराती आपण पाहतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० साली तोवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. कलेमुळे सगळ्याच विषयांत मार्क वाढतात असा पुरावा त्यांना सापडला नाही. पण एक गोष्ट ठामपणे दिसली. वर्गात गोष्टी नाटकातून करून पाहिल्या तर मुलांची भाषा सुधारते, म्हणजे वाचन, गोष्ट समजणे, बोलणे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. कलेत भाग घेण्याचा आरोग्याला, विशेषतः मनाच्या आरोग्याला उपयोग होतो, असे त्यात नोंदवले आहे.

भाषा कशी सुधारते ते आम्ही त्या गॅरेजमधील मुलाबाबत डोळ्यांनी पाहिले. नाटकात तो भाऊ झाला होता. त्याचे संवाद त्यानेच बोलून रचले. नववीतील एका मुलीने ते तो बोलला तसेच वहीत लिहून घेतले. पुढच्या तालमीत तिने वही त्याच्यासमोर धरली. शब्द त्याचेच, पाठही त्याला होते. त्यामुळे कोणते अक्षर कुठे असेल याचा त्याला अंदाज येत गेला. दुसऱ्याचे पुस्तक त्याला वाचता येत नव्हते, स्वतःचे बोलणे मात्र तो बोट ठेवून वाचू लागला. चार आठवड्यांत तो गॅरेजच्या पावत्या वाचायला लागला. यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचे म्हणतो. भरेल की नाही, आम्ही सांगू शकत नाही. पण वाचता येत नाही हे त्याने आता लपवणे सोडले आहे, आणि जे लपवावे लागत नाही ते शिकता येते.

लोकशाहीर वामनदादा कर्डक यांनाही अक्षरओळख तरुणपणी झाली, मुंबईत कष्टाची कामे करताना. तरी त्यांची गाणी आज गावोगावी लोकांच्या तोंडी आहेत. सत्यशोधक जलशांपासून १९३० च्या दशकातील भीमराव कर्डक आणि सहकाऱ्यांच्या जलशांपर्यंत, दिवसभर राबणारी माणसे रात्री एकत्र येऊन गात होती, सवाल-जवाब करत होती आणि त्यातून स्वतः शिकत होती. एकत्र येऊन कला करणे आपल्या घरात कुठून बाहेरून आलेले नाही. आपणच मधल्या काळात ते डीजेच्या हवाली केले.

पैसे कुठून आणायचे?

या प्रश्नाचे उत्तर दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देशातून ऐका. राजधानी असुन्सिओनजवळ कातेउरा नावाची वस्ती आहे, शहराच्या कचऱ्याच्या डेपोला लागून. तेथील कुटुंबे कचरा वेचून जगतात. फावियो चावेस नावाचे पर्यावरण तंत्रज्ञ तेथे कामासाठी आले आणि २००६ मध्ये मुलांना संगीत शिकवू लागले. मुले जास्त झाली आणि वाद्ये कमी. एका व्हायोलिनच्या किमतीत तेथे घर झाले असते. तेव्हा निकोलास गोमेस हे कचरा वेचणारे कारागीर पुढे आले. त्यांनी डब्यांच्या पत्र्यापासून आणि टाकाऊ काट्या-चमच्यांपासून व्हायोलिन बनवले. तेलाच्या पिंपातून मोठे तंतुवाद्य तयार झाले. पुढे या मुलांच्या वाद्यवृंदाने देशोदेशी कार्यक्रम केले आणि २०१५ मध्ये त्यांच्यावरचा माहितीपट जगभर पाहिला गेला.

यातून एवढेच घ्यायचे की सुरुवातीला पैसा लागत नाही. आपल्या वस्तीत भंगाराचे काम करणारे आहेत, शिलाई करणाऱ्या ताई आहेत, सुतार आहेत, बँडमध्ये वाजवणारे काका आहेत, गोधडी शिवणाऱ्या आज्या आहेत. हे सगळे शिक्षकच आहेत. आमच्या नाटकाचा खर्च चहा-बिस्किटे, खडू आणि दोन वह्या एवढाच झाला.

आपल्या वस्तीत सुरू करायचे तर

सहा आठवडे पुरतात. आठवड्यातून दोन दिवस, दीड तास. १२ ते १५ मुले, शक्यतो निम्म्या मुली. ज्यांची नावे नेहमी पुढे येतात त्यांना नक्की घ्या, पण आधी मागच्या रांगेतील मुलांच्या घरी जाऊन त्यांना बोलवा. माइकवरून पुकारून ती येत नाहीत.

पहिला आठवडा फक्त खेळ, आवाज, ताल, चित्रे. कोणाला उभे करून नाव-गाव विचारू नका.

दुसऱ्या आठवड्यात मुलांना वस्तीत फिरायला पाठवा. काय पाहिले ते त्यांनी चित्रातून, गोष्टीतून, अभिनयातून सांगावे. विषय त्यातून मुलांनीच निवडायचा. मतदान घ्या, हात वर करून नव्हे तर चिठ्ठ्या टाकून. गप्प मुलाचे मत चिठ्ठीत कळते.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात रचना. बोलणाऱ्याने बोलावे, लिहिणाऱ्याने लिहावे. वाचता न येणारे मूल कोणाच्या लक्षात येणार नाही अशी कामाची वाटणी करा आणि हळूहळू त्याला त्याचेच शब्द वाचायला द्या.

पाचव्या आठवड्यात तालीम. प्रत्येक मुलाकडे असे एक काम हवे जे तो आला नाही तर अडेल.

सहाव्या आठवड्यात प्रयोग, आपल्याच गल्लीत, आपल्याच माणसांसमोर. प्रयोगानंतर दुसऱ्या दिवशी मुलांना पुन्हा बोलवा आणि काय जमले, काय नाही, हे त्यांनाच बोलू द्या. बरेच लोक ही शेवटची बैठक टाळतात. आपण काय केले हे मुलाला इथेच उमगते.

प्रयोगाआधी छाती धडधडली तर मुलांना सांगा की ही भीती सगळ्यांनाच असते, मोठ्या नटांनाही. सगळ्यांनी मिळून दहा वेळा सावकाश खोल श्वास घ्यावा. एकाच वेळी चौदा जणांचे हात थरथरताना दिसले की आपण एकटेच भित्रे नाही हे मुलाला कळते.

एवढे मात्र टाळा

पहिला, दुसरा, तिसरा नंबर काढू नका. बक्षीस द्यायचे तर सर्वांना सारखे द्या.

माइक मोठ्यांच्या हाती जाऊ देऊ नका. वीस मिनिटांचे नाटक आणि दीड तासाची भाषणे असे झाले तर मुले पुन्हा मागच्या रांगेत जातात.

मुलींच्या वेळेचा विचार करा. पाणी भरण्याची, धाकट्या भावंडांना सांभाळण्याची वेळ टाळा. धाकट्या भावाला सोबत आणले तर आणू द्या, त्यालाही एक डबा द्या. अंधार पडण्याआधी तालीम संपवा. मुलांबरोबर नेहमी दोन मोठी माणसे हवीत, त्यांत एक बाई.

मुलांनी सांगितलेली घरची गोष्ट तशीच नाटकात घालू नका. नाव बदलले तरी गल्लीला ओळख पटते. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर विषय तिथेच सोडा. पालकांच्या संमतीशिवाय फोटो, व्हिडिओ मोबाइलवर फिरवू नका.

जिथे नाटक पुरत नाही

मुले एकदा बोलू लागली की कधी कधी फार जड गोष्टी बाहेर येतात. घरातील मारहाण, कोणी केलेला वाईट स्पर्श, जगणे नको वाटणे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. म्हणून मूल काही सांगत असेल तर मध्येच उपदेश करू नका, ऐका, त्याला एकटे सोडू नका आणि जाणकाराची मदत घ्या. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवस-रात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८ वर फोन करा. झोप उडणे, जेवण तुटणे, शाळा एकदम सोडणे, आवडीच्या गोष्टीतही मन न लागणे हे दोन आठवड्यांहून जास्त चालले तर सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. नाटक हे औषध नाही. मूल कुठे दुखते हे सांगू शकेल अशी जागा मात्र नाटकातून तयार होते.

पुढची जयंती येईल तेव्हा मांडव पुन्हा पडेल, यादी पुन्हा तयार होईल. ती लिहायला बसाल तेव्हा आधी खुर्च्या उचलणाऱ्या मुलांची नावे लिहा. त्यांच्यातील एखादी मुलगी डब्यावर बोटे आपटत बसली असेल. तिला काय सांगायचे आहे ते अजून कोणी विचारलेले नसेल.